टिक्स आणि ओसीडी दोन्ही असलेल्या मुलाशी घरात कसं वागायचं?

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भांडुपला वन बीएचके. घरात तुम्ही दोघं, सासूबाई, 10 वर्षांचा मुलगा आणि 6 वर्षांची मुलगी. मुलगा 7 वर्षांचा असल्यापासून डोळे मिचकावतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं. पुढे मान झटकणं सुरू झालं आणि आता घसा खाकरणं. गेल्या दिवाळीपासून हात धुणं हळूहळू वाढत गेलंय. शाळेचं दप्तर, बाहेरचे कपडे, बहिणीचा हात, यातलं काहीच त्याच्या पलंगाला लागलेलं चालत नाही. रात्री झोपताना तो विचारतो, "आई, उद्या काही वाईट होणार नाही ना?" तुम्ही ठरावीक शब्दांत, ठरावीक सुरात "नाही रे बाळा, सगळं नीट होईल" म्हणायचं; एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. बाबा ओरडतात, आजी म्हणतात लाडाने बिघडलाय. डॉक्टरांनी टिक्स (आपोआप पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज) आणि ओसीडी (नको ते विचार मनात अडकणं आणि त्या भीतीपोटी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) दोन्ही आहेत असं सांगून गोळी दिली, पण घरी कसं वागायचं याबद्दल बोलणं झालंच नाही. आणि तुमचा प्रश्न: आम्ही कडक व्हावं की मायेनं घ्यावं?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, दादरला मुलांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करते. हा प्रश्न माझ्यासमोर जवळजवळ याच शब्दांत पुष्कळदा आलाय. अडचण अशी की तुमच्या मुलाच्या बाबतीत या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण त्याला दोन वेगळे त्रास आहेत आणि त्या दोघांशी वागायची रीत एकमेकांच्या विरुद्ध आहे. टिक्स दिसल्या तरी न दिसल्यासारखं करायचं. ओसीडीच्या मागण्या मात्र हळूहळू, सांगून-सवरून नाकारायच्या. मी पाहते त्या बहुतेक घरांत नेमकं उलट चालतं. "डोळे मिचकावू नकोस", "मान सरळ ठेव" असं टिक्सवर दिवसभर टोकणं चालू असतं आणि ओसीडी जे मागेल ते हातात आणून दिलं जातं. यात कोणाचं प्रेम कमी पडतंय असं मुळीच नाही. टिक दिसते, म्हणून ती थांबवावीशी वाटते; मूल घाबरून रडतं, म्हणून ते मागतं ते द्यावंसं वाटतं. दोन्ही गोष्टी कुठल्याही आईबापाच्या हातून सहज होतात.

मी मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे किती वेगाने जायचं, आधी काय हातात घ्यायचं हे त्याला प्रत्यक्ष भेटणाऱ्यानेच ठरवायला हवं. दिवसातला किती वेळ या सगळ्यात जातो, तो जेवतोय-झोपतोय का, शाळेत जातोय का, यावर बरंच अवलंबून आहे. आणखी एक. तुमच्या मुलाचा त्रास वर्षं-महिने घेत वाढलाय. पण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी अगदी ठणठणीत मुलात एक-दोन दिवसांत, विशेषतः ताप किंवा घशाच्या संसर्गानंतर, असं काही एकदम सुरू झालं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते प्रकरण वेगळं असू शकतं.

आधी टिक्सचं बोलू. टिक्स साधारण 5 ते 7 वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, बहुधा डोळे-चेहरा-मान अशा वरून खाली उतरतात, 10 ते 12 वर्षांच्या सुमाराला सगळ्यात जोरात असतात आणि पुष्कळ मुलांच्या बाबतीत किशोरवय सरता सरता बऱ्याच कमी होतात. म्हणजे तुमचा मुलगा आत्ता साधारण शिखरावर आहे. मधेच त्या आपोआप ओसरतात, मग पुन्हा उसळतात, जुनी जाते आणि नवी येते. म्हणूनच कोणी सांगितलेलं तेल, ताईत, आहारातला बदल "लागू पडला" असं वाटतं. तो काळ मुळात ओसरण्याचाच असतो. घसा खाकरणं हीसुद्धा आवाजाची टिक असते, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्यासाठी फेऱ्या मारणारी कितीतरी कुटुंबं मी पाहते. हालचालीच्या एकाहून जास्त टिक्स, आवाजाची किमान एक, आणि सुरुवातीपासून वर्षाहून अधिक काळ लोटलेला, असं असेल तर त्याला तुरेत सिंड्रोम म्हणतात. 1885 साली जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव. हा शब्द केसपेपरवर दिसला तर घाबरू नका. सिनेमात दाखवतात तशा शिव्या फार थोड्या जणांच्या तोंडून येतात.

हा मेंदूतला, बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला प्रकार आहे. पहिल्या भेटीत गप्प बसलेले बाबा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हळूच म्हणतात, "मीपण शाळेत असताना खांदा उडवायचो, मार खाल्लाय त्यावरून." तुमच्याकडेही सासूबाईंना एकदा विचारून बघा.

टिकच्या आधी बहुतेक मुलांना त्या जागी एक कळ, एक चुळबुळ जाणवते. शिंक येण्याआधी नाकात होतं तसं. शिंक थोडा वेळ दाबता येते, पण तेवढा वेळ दुसरं काही सुचत नाही. "शाळेत तर करत नाही, घरीच करतो, म्हणजे मुद्दाम करतो" असं आजी म्हणतात ना, त्याचं उत्तर इथे आहे. शाळेत तो दिवसभर दाबून ठेवतो. घरी आल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास टिक्सचा जो पूर येतो, तो तुमच्या घरात त्याला सुरक्षित वाटतं म्हणून येतो. त्या वेळात अभ्यासाला बसवू नका, ट्यूशनला लगेच पाठवू नका. खाऊ दे, लोळू दे, खाली खेळायला जाऊ दे.

तर घरातला पहिला नियम: टिकबद्दल कोणी बोलायचं नाही. आई, बाबा, आजी, शेजारच्या काकू, रविवारी येणारा मामा, कोणीच नाही. "आज कमी आहे हं" असं कौतुकसुद्धा नाही, कारण त्यानेही लक्ष तिथेच जातं, आणि लक्ष गेलं की टिक वाढते. अपुरी झोप, परीक्षा, आजारपण, गणपतीतल्या पाहुण्यांची धांदल, सहलीच्या आदल्या दिवसाचा आनंद, या सगळ्याने ती वाढेल. वाढली की कारण शोधत बसू नका, झोप तेवढी सांभाळा.

अपवाद एकच: टिकमुळे त्याला दुखत असेल किंवा त्यालाच तिचा त्रास होत असेल तर. मान झटकून मान दुखते का, हे त्याला शांतपणे विचारा. दुखत असेल तर त्यावर वागणुकीचा एक पद्धतशीर उपचार आहे, त्याला सीबिट म्हणतात. कळ आली की टिकच्या आड येणारी दुसरी हालचाल करायची: घसा खाकरावासा वाटला तर तोंड मिटून नाकाने संथ श्वास, मान झटकावीशी वाटली तर हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके आवळून धरायचे, कळ जाईपर्यंत. अमेरिकेत 126 मुलांवर झालेला याचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. 10 आठवड्यांत 8 बैठका घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत चांगली सुधारणा दिसली, नुसतं समजावणं आणि आधार मिळालेल्या गटात ती पाचातल्या एकाहूनही कमी मुलांत होती. पण हे मुलाला स्वतःला करायचं असेल तरच चालतं. "ती एक्सरसाइज कर बघू" असं आईने दर वेळी म्हटलं की ते पुन्हा टोकणंच झालं.

आता ओसीडी. त्याआधी हे कळायला हवं की एखादी कृती टिक आहे की ओसीडीची. दाराच्या चौकटीला दोनदा हात लावणं हे दोन्ही असू शकतं. मी मुलांना विचारते, "नाही केलंस तर काय होईल?" "आईला काहीतरी होईल", "मी आजारी पडेन" असं उत्तर आलं तर ओसीडीची भीती आहे. "काही होणार नाही, पण अंगात कसंतरीच होतं" असं आलं तर टिककडे झुकतं. आणि टिक्स असलेल्या मुलांत मधला प्रकारही बराच आढळतो: "बरोबर वाटेपर्यंत करावं लागतं." त्याची हाताळणी ओसीडीच्या पद्धतीने करता येते. हा प्रश्न चौकशीच्या सुरात नको, फक्त जाणून घ्यायचंय अशा सुरात विचारायचा.

ओसीडी कशी वाढते, हे तुमच्याच रात्रीच्या प्रसंगावरून सांगते. त्याच्या मनात विचार येतो: उद्या आईला काही झालं तर? असा विचार कोणाच्याही मनात येतो आणि जातो. त्याच्या मनात तो अडकतो. छातीत धडधड. तो विचारतो, तुम्ही ठरलेलं वाक्य म्हणता, धडधड थांबते. त्या क्षणी त्याचा मेंदू एक चुकीची गोष्ट शिकतो: आई ते वाक्य म्हणाली म्हणून आपण वाचलो. भीती आपोआपही उतरली असती, हे कळायची संधीच त्याला मिळाली नाही. म्हणून उद्या तेच वाक्य जास्त बिनचूक लागतं, परवा दोनदा लागतं. हात धुण्याचंही तेच. घरच्यांनी ओसीडीच्या नियमांनुसार वागण्याला आम्ही फॅमिली अकोमोडेशन म्हणतो. ओसीडी असलेल्या मुलांच्या घरांत ते जवळपास सगळीकडे असतं, आणि जितकं जास्त तितका त्रास जास्त, असं अभ्यासांतून सातत्याने दिसलंय.

हे किती नकळत वाढतं त्याचं एक उदाहरण (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). एका मुलीला बाबांनी ऑफिसला पोचल्यावर फोन करून "मी पोचलो, मी बरा आहे" म्हणायचं असे. पुढे गाडीत बसल्यावर एकदा. मग उतरल्यावर. बोलताना आवाज तुटला तर ते वाक्य धरलं जायचं नाही. शेवटी बाबा नेटवर्क नीट मिळावं म्हणून मधल्याच स्टेशनवर गाडी सोडून, प्लॅटफॉर्मच्या टोकाला गर्दीपासून लांब उभे राहून ते वाक्य म्हणायचे आणि पुढची गाडी पकडायचे. ऑफिसात रोज लेट मार्क. मला ते म्हणाले, "मॅडम, एका वाक्याने पोरगी शाळेत जाते, मग म्हणायला काय हरकत आहे?" त्यांचं चुकत नव्हतं, त्या दिवसापुरतं. वर्षभरात त्या वाक्याने सगळं घर ताब्यात घेतलं होतं.

मग उद्यापासून सगळं बंद करायचं का? नाही. बाबांना वाटतं तसं एकदम "आता पुरे" केलं तर मुलाला ते शिक्षेसारखं लागतं. तो जास्त घाबरतो, आरडाओरडा होतो, तुम्ही थकून रात्री बारा वाजता पुन्हा ते वाक्य म्हणता, आणि तो शिकतो की पुरेसा वेळ रडलं तर मिळतं. त्यापेक्षा एक गोष्ट निवडा, छोटी निवडा आणि ती पूर्ण धरा.

तुमच्या घरात मी रात्रीच्या प्रश्नापासून सुरुवात करेन, कारण त्यात जे बदलायचं ते तुमच्या हातात आहे. हात धुणं त्याच्या हातात आहे, ते नंतर. रविवारी दुपारी, पोट भरलेलं असताना, दोघांनी त्याच्याजवळ बसा. ओसीडीला एखादं नाव द्यायला त्याला सांगा; मुलं "खडूस", "चिकट्या" असली नावं ठेवतात, आणि त्याने भांडण मुलाशी न राहता त्या खडूसशी होतं. मग सांगा: "रात्री तुला खूप भीती वाटते हे आम्हाला कळतं. आम्ही ते वाक्य म्हणतो तेव्हा खडूस अजून मोठा होतो, हेही आता कळलंय. म्हणून उद्यापासून आई ते एकदाच म्हणेल, आणि तिला सुचेल त्या शब्दांत. त्यानंतर तू विचारलंस तर ती म्हणेल: तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तू ती सहन करू शकतोस हे मला माहीत आहे." एवढंच. वाद नाही, पटवणं नाही, शपथ घेणं नाही. मग पाठीवर हात ठेवून शेजारी बसा. मायेचा स्पर्श कमी करायचा नाहीये, फक्त खडूसने मागितलेलं वाक्य द्यायचं नाहीये. तुमच्या "कडक की मायेनं" या प्रश्नाचं माझ्यापाशी हे उत्तर आहे: दोन्ही एकाच वाक्यात.

पहिले काही दिवस त्रास वाढेल. हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे "हे चालत नाहीये" असं वाटून तुम्ही तिसऱ्याच रात्री सोडून देणार नाही. तो विचारेल, रडेल, बाबांकडे जाईल, आजींना उठवेल. म्हणून तिघांचं उत्तर एकच हवं. एकाने दिलं आणि दोघांनी नाकारलं, तर ते सगळ्यांनी देण्यापेक्षाही वाईट. आठवडाभर जमण्यासारखं नसेल, परीक्षा असेल, घरात कोणी आजारी असेल, तर सुरूच करू नका, पुढे ढकला. फारच चिघळलं, तो स्वतःला मारून घ्यायला लागला, तर पायरी मोठी होती असं समजा आणि मदत घेऊन लहान पायरी करा.

हात धुणं आणि पलंग यांसाठी जो उपचार आहे त्याला एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, ईआरपी, म्हणतात. मुलासोबत बसून भीतीची शिडी करायची. तो प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण देतो: बहिणीचं पुस्तक उशीजवळ ठेवणं 3, घरातल्या कपड्यांत बहिणीने पलंगावर बसणं 5, दप्तर पलंगावर 8, शाळेच्या कपड्यांत स्वतः पलंगावर लोळणं 10. तळापासून वर जायचं. पुस्तक उशीजवळ ठेवलं की तो सांगतो "4 झाले", पाच मिनिटांनी "5", मग गप्पा चालू असतात, चादरीचं टोक बोटाला गुंडाळत बसतो आणि वीसेक मिनिटांनी स्वतःच म्हणतो, "आता 2 असेल." तेवढ्या वेळात हात धुतलेले नसतात. कधी आकडा फारसा उतरत नाही, तरी चालतं. भीती असतानाही मी बसू शकलो, हे त्याला कळणं महत्त्वाचं. हे काम शक्यतो प्रशिक्षित माणसाकडून सुरू करून घ्या, घरी सराव तुम्ही करून घ्याल. साबण लपवणं, नळ बंद करणं, "पाण्याची वेळ संपली, आता बस" असं पिंपावर झाकण टाकणं, याने धुणं थांबत नाही. सॅनिटायझर सुरू होतं, किंवा चड्डीला हात पुसणं.

आजींबद्दल. त्या त्याला मंत्रचळ म्हणतात, आणि दुसरीकडे त्यांचं स्वतःचं सोवळं कडक आहे, असं तुम्ही लिहिलंय. मुलगा म्हणतो, "आजी करते ते चालतं, मी केलं की नाही." फार रास्त प्रश्न आहे त्याचा. माझ्याकडे येणाऱ्या आज्यांना मी सांगते: तुमचं सोवळं पूजा झाली की सुटतं आणि तुम्हाला समाधान देतं. त्याचं सुटतच नाही, आणि त्याला रडवतं. हा फरक आज्यांना पटकन कळतो, बऱ्याचदा आम्हा शिकलेल्यांपेक्षा लवकर. तुमच्या सासूबाईंना "तुमच्यामुळे झालं" असं चुकूनही कोणी म्हणू नका. सोवळ्याने ओसीडी होत नाही. त्यांना एक काम द्या: तिन्हीसांजेचा श्लोक म्हणताना तो अडखळून पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागला, तर त्यांनी पुढचं कडवं म्हणत राहायचं. देवाला चुकलेलं चालतं, हे आजीने सांगितलेलं त्याला आपल्यापेक्षा खरं वाटेल. एकदाच सांगायचं मात्र. रोज रात्री सांगितलं तर तेही ठरलेलं वाक्य होऊन बसेल.

काही मुलांच्या मनात देवाबद्दल घाणेरडे किंवा आईला इजा करण्याचे विचार येतात आणि ती ते रडत कबूल करतात. तुमचा मुलगा रात्री तुम्हाला जे विचारतो त्यामागे असा एखादा विचार असण्याची शक्यता आहे. सांगितलाच तर दचकू नका. ओसीडी नेमकं जे माणसाला सगळ्यात प्रिय असतं त्यालाच हात घालते. असा विचार येणं म्हणजे तसं करायची इच्छा असणं नव्हे. "बरं झालं सांगितलंस, हे खडूसचे उद्योग" एवढं पुरे.

बाबांच्या ओरडण्याकडे मी राग म्हणून पाहत नाही. दिवसभर काम, लोकलचा प्रवास, घरी आल्यावर बाथरूम अर्धा तास बंद. एकच बाथरूम असलेल्या घरात ओसीडी सगळ्यांच्या वेळापत्रकात घुसते. पण आई सांभाळून घेते म्हणून बाबा कडक होतात, आणि बाबा कडक म्हणून आई जास्त सांभाळते, या फेऱ्यात दोघंही मुलाबद्दल बोलता बोलता एकमेकांशीच भांडायला लागतात, आणि मुलाला वाटतं हे माझ्यामुळे. म्हणून सांगते, पुढच्या भेटीला बाबांना घेऊन जा, अर्ध्या दिवसाची रजा पडली तरी. मूल उपचाराला तयारच नसेल तरी फक्त आईबाबांसोबत काम करता येतं. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी अशी पद्धत बसवली आहे, आणि चिंतेचे विकार असलेल्या मुलांच्या बाबतीत ती थेट मुलावर केलेल्या सीबीटीइतकीच (विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) उपयोगी पडल्याचं त्यांच्या अभ्यासात दिसलं.

मुलगी 6 वर्षांची आहे आणि तिला तिच्याच घरात पलंगाला हात लावायची बंदी आहे. तिच्या डोक्यात एकच अर्थ शिरतो: मी घाण आहे. तिला आजच, तिच्या भाषेत सांगा, की दादाच्या डोक्यात एक खडूस आहे जो खोटं सांगतो, तुझे हात स्वच्छ आहेत. दादाच्या नियमांमुळे तिचं काय काय थांबलंय ते एकदा मोजा. आणि आठवड्यात थोडा वेळ फक्त तिचा ठेवा, खालच्या बागेत नेलंत तरी चालेल. दादाची चौकीदारी तिच्याकडून करून घेऊ नका. "हात किती वेळा धुतले सांग गं" हे काम तिचं नाही.

शाळेत वर्गशिक्षिकांना भेटा. डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घ्या: घसा खाकरणं हेतुपुरस्सर नाही, त्यावर टोकू नये, फार वाढलं तर पाणी प्यायला बाहेर जाऊ द्यावं, अक्षर पुन्हा पुन्हा खोडत असेल तर लिखाणाला जास्त वेळ द्यावा. पहिल्या बाकावर बसवणं ही शिक्षकांची नेहमीची युक्ती, पण मग अख्खा वर्ग त्याच्या मानेकडे बघतो. कडेचा बाक बरा. मुलं नक्कल करत असतील तर त्याला एक वाक्य पाठ द्या: "मला टिक्स आहेत, आपोआप होतं, संसर्ग होत नाही." मुलांना एकदा कारण कळलं की त्यातली गंमत लवकर संपते. टिक्स असलेल्या मुलांच्या आनंदावर टिक्सपेक्षा चिडवणं आणि मित्र नसणं जास्त परिणाम करतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून त्याचं क्रिकेट, तबला, जे काही असेल ते "आधी हे बरं होऊ दे" म्हणून थांबवू नका.

गोळ्यांबद्दल तुमच्या मनात भीती दिसते. औषध ठरवणं हे मानसोपचारतज्ज्ञांचं काम, मी फक्त काय अपेक्षा ठेवायची ते सांगते. ओसीडीसाठी सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन अशी औषधं मुलांना दिली जातात. त्यांची सवय लागत नाही, पण पूर्ण परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. दोन आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका, आणि बंद करायची वेळ आली तरी एकदम नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर मूल फार अस्वस्थ, चिडचिडं झालं किंवा जीव नकोसा झाल्याचं बोललं तर लगेच डॉक्टरांना कळवा. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 112 मुलांच्या अभ्यासात सर्ट्रालिन आणि ईआरपीवर आधारलेली सीबीटी एकत्र घेतलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला, त्याखालोखाल फक्त सीबीटीवाल्यांना, मग फक्त औषधवाल्यांना. म्हणजे नुसती गोळी देऊन वाट पाहणं हा अर्धा उपचार आहे. टिक्ससाठी प्रत्येकाला औषध लागत नाही. दुखत असतील किंवा रोजचं जगणं अडत असेल तर क्लोनिडिन, अरिपिप्राझोल अशी औषधं डॉक्टर देतात. टिक्सच्या बाबतीत थांबून पाहता येतं. ओसीडीच्या बाबतीत "मोठा झाला की जाईल" म्हणून थांबू नका, ती तशी आपोआप जाईल यावर विसंबता येत नाही.

खाजगी उपचार परवडत नसतील तर महापालिकेच्या केईएम, नायर आणि शीवच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, गर्दी असते, अख्खा दिवस हाताशी ठेवा. कुठेही गेलात तरी नेमकं विचारा: "इथे मुलांसाठी ईआरपी करतात का? त्यात आम्हाला सोबत बसवतात का?" सोबत एक कागद न्या, त्यावर आठवडाभराची नोंद: ओसीडीसाठी घरातल्या कोणी काय केलं, कोणी काय टाळलं. मुलाची लक्षणं डॉक्टर विचारतीलच, पण घरच्यांचं हे वागणं विचारायचं बऱ्याचदा राहून जातं. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, मोफत आणि चोवीस तास. मूल मरणाबद्दल बोलू लागलं, खाणंपिणं सोडलं, किंवा स्वतःला इजा करू लागलं तर हेल्पलाइनवर थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. तो वर्गात एका जागी बसू शकतो का, वस्तू हरवतो का, सुरू केलेलं काम अर्धवट सोडतो का? टिक्स असलेल्या बऱ्याच मुलांना एडीएचडीही (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) असतो, आणि तसं असेल तर भीतीची शिडी वीस मिनिटं धरून बसणं त्याला जमणार नाही. पायऱ्या फार छोट्या कराव्या लागतील आणि डॉक्टरांनाही औषधाचा विचार वेगळा करावा लागेल. याबद्दल आणि रात्रीच्या वाक्याचा पहिला आठवडा कसा गेला याबद्दल इथेच खाली लिहा, मी वाचेन.